आधीची बातमी आधी

पेडणेकर माउसला हात लावत नसत. कंपनीने दिलेला माउस कायम त्यांच्या खणात, सुपारीच्या डबीशेजारी पडलेला असायचा. कोणी विचारलंच तर म्हणायचे, "तो धरायचा तर कीबोर्डवरून हात उचलावा लागतो. कशाला उचलायचा?" यावर कोणाकडे उत्तर नसायचं, कारण मुळात हा प्रश्नच दुसऱ्या कोणाला पडलेला नसायचा.

आमचं ऑफिस द्रोणागिरीला, गोदामांच्या रांगेत. न्हावा शेवा बंदरात उतरलेला माल कस्टममधून सोडवून द्यायचा, हा आमचा धंदा. मी हिशेब बघायची, पेडणेकर कागदपत्रं बघायचे. राहायलाही आम्ही एकाच सोसायटीत, खांदेश्वरला. ते तळमजल्यावर, आम्ही तिसऱ्यावर. सकाळी कंपनीच्या बसमध्ये शेजारी, दिवसभर समोरासमोर, आणि रविवारी सोसायटीच्या मीटिंगमध्ये पुन्हा तेच तोंड. मी स्वभावाने तापट आणि ते इतके सावकाश की पहिली दोन-तीन वर्षं मला त्यांचा रागच यायचा. बसमध्ये चढताना आधी छत्री, मग डबा, मग स्वतः, असा त्यांचा क्रम ठरलेला होता आणि मागे कितीही माणसं खोळंबली तरी तो बदलत नसे.

आम्ही सगळे बातम्या मोबाइलवर बघायचो. पेडणेकर त्या एका काळ्या स्क्रीनवर वाचायचे. त्यात ना चित्रं, ना जाहिराती, ना आपोआप वाजणारे व्हिडिओ. आपल्याला हव्या त्या वेबसाइट एकदा नेमून द्यायच्या, मग त्यांवर जे नवीन येईल ते हा प्रोग्रॅम गोळा करून आणतो आणि मथळ्यांच्या ओळी एकाखाली एक लावतो. जे वाचलेलं नाही त्याच्या पुढे एक N असतो. एक अक्षर दाबलं की खालच्या ओळीवर, दुसरं दाबलं की वरच्या, एंटर दाबलं की बातमी उघडते. वाचून बाहेर आलं की तो N गेलेला असतो. बंदराच्या सूचना, कस्टमची परिपत्रकं, जहाज कंपन्यांच्या नोटिसा, हवामान आणि सिंधुदुर्गातलं एक लहानसं वर्तमानपत्र, एवढं त्यांनी त्यात लावलं होतं.

नवीन माणूस तो स्क्रीन बघून दचकायचा. एकदा एका गिऱ्हाईक कंपनीचा माणूस बिलासाठी आला होता. तो बराच वेळ त्यांच्या मागे उभा राहून म्हणाला, "काका, तुमचा पीसी उडालाय. विंडोज गेली वाटतं." पेडणेकरांनी मान न वळवता सांगितलं, "गेली नाही, मीच पाठवली." आमच्या ऑफिसातला त्यांचा हा एवढाच विनोद मला आठवतो.

हे त्यांच्यात आलं टेलेक्समधून. तरुणपणी ते मुंबईत बॅलार्ड पिअरला एका जहाज एजंटाकडे टेलेक्स ऑपरेटर होते. कागदाच्या पट्टीवर अक्षरं येणार, ती येतील त्या क्रमाने वाचायची, फाडायची, साहेबाला द्यायची. पुढे ती मशिनं गेली, पेडणेकर राहिले. बायको गेल्यावर मोबाइलवरच्या उड्या मारणाऱ्या बातम्या त्यांना सहन होईनात. मुलगा केदार पुण्याला सॉफ्टवेअरमध्ये. त्याने एका सुट्टीत हा प्रोग्रॅम घालून दिला. "हे घ्या बाबा, तुमचं टेलेक्स." घरच्या लॅपटॉपवर त्याने अशीही सोय केली की तो उघडला नाही तरी बातम्या आपोआप येऊन साठत राहतील.

पेडणेकरांनी त्यात स्वतःची एकच गोष्ट करून घेतली. अशा यादीत सगळीकडे ताजी बातमी वर असते. त्यांनी सगळ्यात जुनी वर ठेवली. सकाळी बसले की तिथून सुरुवात. मधली ओळ सोडून खाली जायचं नाही. कितीही महत्त्वाचं काही खाली दिसत असो, त्याची पाळी आली की ते वाचणार. "आधीची बातमी आधी," असं म्हणायचे. "आधी काय झालं ते कळल्याशिवाय आता काय झालं ते कळत नाही, शुभदा." मला ते शुद्ध वेळखाऊपणा वाटायचं, आणि मी तसं त्यांना बोलूनही दाखवायची.

त्यांच्या ह्या प्रोग्रॅममध्ये एक बटण असं आहे की मोठा A दाबला की समोरची सगळी यादी वाचलेली म्हणून नोंदली जाते. डिस्पॅचचा नीलेश, वय कमी आणि हात वळवळणारा. पेडणेकर जेवायला गेले असताना त्याने गंमत म्हणून ते दाबलं. सगळे N गायब. ते परत आले, बसले, यादीकडे बघत राहिले. आम्हाला वाटलं आता भडकणार. त्यांनी चष्मा पुसला आणि एकेका ओळीवर जाऊन ती पुन्हा न वाचलेली करत बसले. संध्याकाळची बस सुटली तरी ते बसलेलेच. दुसऱ्या दिवशी नीलेश वडापाव घेऊन माफी मागायला गेला, तेव्हा त्याला म्हणाले, "न वाचता वाचलं म्हणायचं नसतं रे. उद्या कोणी त्यातलं विचारलं तर काय सांगशील?" नीलेशने मान हलवली, पण बाहेर येऊन मला म्हणाला, "यांना कोण विचारतंय, मॅडम?"

विचारणारी एक होती. शेवंताबाई. आमच्या सेक्टरच्या बाजारात मासे घेऊन बसायची. मूळची उरणकडच्या खाडीच्या गावातली, नवरा लवकर गेलेला, एकुलता एक मुलगा सिद्धेश. आयटीआयला फिटर झाला आणि पनवेलला गॅरेजात राबत होता. पेडणेकरांनी जुन्या ओळखीच्या एका माणसाला फोन केला, शब्द टाकला, आणि पोरगा मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये लागला. त्यानंतर शेवंताबाई रोज संध्याकाळी पाटी रिकामी झाली की आमच्या बिल्डिंगीत यायची, पेडणेकरांच्या खिडकीच्या ग्रीलपाशी उभी राहायची आणि विचारायची, "दादा, जहाज कुठं हाय आज?"

पेडणेकर लॅपटॉपवर वाचून सांगायचे. कोलंबो सोडलं. सिंगापूरला लागलं. आज काही आलेलं नाही, म्हणजे अजून पाण्यात आहे. ती तेवढं ऐकून निघून जायची. फोनवर पोराशी बोलणं व्हायचं तिचं, पण फोन लागत नसे तेव्हा हेच. एकदा मी भाजी घेऊन वर जात होते, तर ती धापा टाकत आली, पदराला खवले तसेच चिकटलेले. "दादा, बाजारात सगली बोलतान, चाच्यांनी जहाज धरलंय म्हनून. मोबाइलवर आलंय." पेडणेकर म्हणाले, "कुठलं जहाज, ते कोणी वाचलं का?" मग वरपासून एकेक ओळ बघत गेले. ती ग्रीलला धरून उभी. मला तर तिथल्या तिथे ओरडावंसं वाटत होतं की अहो शेवटची बघा ना आधी. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "आपलं नाही. दुसरं आहे, तेही सोडवलं. आपलं काल पेनांगला लागलंय. पाणी घ्या." ती पायरीवर बसून पाणी प्यायली. त्यानंतर बाजारात कोणी काही बोललं की ती सांगायची, दादानं वाचलं काय, त्याशिवाय मना नाय पटायचं. पेडणेकरांना हे कळलं तेव्हा ते लाजले आणि मला वाटतं, थोडे घाबरलेही.

होळीच्या आसपासची गोष्ट. बसमध्ये माझ्या फोनवर धंद्यातल्या ग्रुपवर मेसेज आला: जहाजाला आग, इंजिनरूम, एक माणूस बेपत्ता. जहाजाचं नाव ओळखीचं. रोज संध्याकाळी ऐकून ऐकून पाठ झालेलं. पेडणेकर माझ्या शेजारीच, मांडीवर डबा घेऊन. मी फोन पालथा केला. उलव्याचा थांबा आला, गेला, फोन तसाच पालथा.

ऑफिसात सगळ्यांना कळलेलं होतं. पेडणेकर बसले, सुपारी तोंडात टाकली, बातम्या आणवल्या आणि वरच्या ओळीपासून वाचायला लागले. हवामान. कुठल्याशा रसायनावरचं शुल्क. गेट नंबर बदलल्याची सूचना. आम्ही आपापल्या जागी नुसते बसून होतो. शेवटी नीलेशला राहवलं नाही. "काका, खालची बघा ना. शेवटची."

त्यांचा हात थांबला. त्यांनी नीलेशकडे बघितलं, मग माझ्याकडे. "जहाजाचं आहे का?" त्यांनी मान खाली घातली आणि पुढची ओळ उघडली. मग त्याच्या पुढची. तूरडाळीच्या आयातीची नोटीस, सावंतवाडीच्या रस्त्याची बातमी, सगळं. मला त्या वेळी इतका संताप आला होता की उठून बाहेर गेले. हा काय हट्ट, असं वाटलं. आता वाटतं, ते त्या ओळीपर्यंत पोचत नव्हते तोवर सिद्धेशला काही झालेलं नव्हतं, आणि तेवढा वेळ ते त्याला देत होते.

बेपत्ता माणसाचं नाव दुपारी आलं. पेडणेकरांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं आणि उभे राहून म्हणाले, "मला कोणी खांदेश्वरला सोडेल का?" शेठने गाडी दिली. मी बरोबर गेले. बाजारात शेवंताबाई बांगडे साफ करत बसली होती. ह्या वेळेला दादाला तिथे बघितलं आणि तिचा हात थांबला.

"दादा, वाचलंत?"

"वाचलं," ते म्हणाले.

तिने कोयता बाजूला ठेवला. दुसऱ्या कोणाला तिने काही विचारलं नाही. आजूबाजूच्या बायका उठून आल्या तेव्हा पेडणेकर एका बाजूला झाले आणि मग मला कुठे दिसलेच नाहीत.

सिद्धेशला पेटीतून आणलं, खाडीकाठच्या गावात त्याचं सगळं झालं. पेडणेकर सगळ्यात मागे उभे होते. त्या दिवसानंतर त्यांनी तो काळा स्क्रीन उघडला नाही. ऑफिसात परिपत्रकं आता नीलेश वाचून त्यांना सांगायचा. घरातला लॅपटॉप वायर लावूनच कपाटावर ठेवलेला, त्याचा बारीक दिवा तेवढा चालू. मी एकदा म्हटलं, "अहो, असं किती दिवस?" तर म्हणाले, "शब्द मी टाकला होता, शुभदा. गॅरेजात होता तो. तिथे तेल होतं, आग नव्हती." मी वाटीतून कढी नेली होती, ती ठेवून आले.

शेवंताबाई यायची बंद झाली. बाजारातही कमी दिसायला लागली. गणपती झाले, नवरात्र झालं. दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी सोसायटीची वर्गणी घ्यायला पेडणेकरांकडे गेले होते, तर दारात ती. बारीक झाली होती. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याच्या बाहेरच उभी.

"दादा, एक इचारायचं होतं. माजा पोर गेला त गेला. पन बाजारात बोलतान, त्याच्याच हातनं आग लागली. नको तिथं वेल्डिंग करीत व्हता म्हनून. त्याच्यापायी दुसऱ्यांची पन पोरं मेली असती म्हनतात. परवा भांडनात समोरचीनं तोंडावर बोलली." ती थांबली. "तुमी कुठं वाचलंय का आसं?"

पेडणेकरांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. म्हणाले, "मी वाचतच नाही आता."

"मंग वाचा," ती म्हणाली आणि उंबरा ओलांडून आत आली, फरशीवर भिंतीला टेकून बसली. "मी बसते हितं."

त्यांनी लॅपटॉप कपाटावरून काढला. झाकणावर धूळ साठली होती, ती बाहीने पुसली. यादी उघडली, तर वरपासून खालपर्यंत N. होळीपासूनचं सगळं तसंच साठलेलं. एकदम खाली जायचं बटण त्यांना माहीत होतं, मलाही एव्हाना माहीत झालं होतं. मी ते सुचवलं नाही. त्यांनी फक्त जहाज कंपनीच्या नोटिसा वेगळ्या काढल्या आणि त्यातल्या सगळ्यात जुन्या नोटिशीवर एंटर दाबलं. ती आगीच्या दिवशीचीच होती.

त्यांनी ती वाचून दाखवली. आधी इंग्रजी, मग मराठीत सावकाश. आग लागली. एक बेपत्ता. नाव. त्याच्यानंतरची. आग विझवली. सापडला. ते मध्येच थांबायचे, पाणी प्यायचे, पुन्हा त्याच वाक्यापासून सुरू करायचे. शेवंताबाई डोळे मिटून ऐकत होती. मी तिथून उठायला हवं होतं बहुतेक, पण मला उठवेना. जहाज दुरुस्तीला नेलं. विम्याचं काही. बाकीची माणसं घरी पाठवली. बाहेरची उन्हं ग्रीलमधून आत आली आणि फरशीवरून सरकत गेली. मग चौकशीचा अहवाल आला. पेडणेकर वाचत होते ते अडखळले, मान पुढे काढून पुन्हा वाचलं.

"इंधनाच्या पाइपला चीर गेली होती. गरम भागावर तेल उडालं. त्या पाळीला वेल्डिंगचं कुठलंही काम चालू नव्हतं. तिथल्या कामगारांची कुठलीही चूक आढळली नाही."

शेवंताबाईने डोळे उघडले. "ह्ये परत सांगा."

त्यांनी परत सांगितलं.

"ह्ये कवा आलंय?"

पेडणेकरांनी तारखेकडे बघितलं. "गणपतीच्या आधी." मग तिच्याकडे न बघता म्हणाले, "इथेच होतं, शेवंताबाई. ह्या कपाटावर. तुम्हाला सगळे बोलत होते तेव्हा हे इथे येऊन पडलं होतं आणि मी वाचलं नाही."

मला वाटलं ती आता उठून जाईल, आणि गेली असती तर मी तिला दोष दिला नसता. ह्या माणसाने आयुष्यभर एक ओळ चुकवली नव्हती, आणि चुकवली ती नेमकी ही. शेवंताबाईने पदराने तोंड पुसलं, भिंतीला हात लावून उभी राहिली.

"आता वाचलंत ना," ती म्हणाली. "मंग उद्या सकाली बाजारात या. माज्या सांगन्यावर कोनी इश्वास ठेवनार नाय. तुमी वाचून दावा."

पेडणेकर म्हणजे सोसायटीच्या मीटिंगमध्ये हजेरी देतानाही ज्यांचा आवाज शेजारच्या खुर्चीपलीकडे जात नाही, असा माणूस. ते "बरं" म्हणाले.

पुढच्याच महिन्यात ते नोकरी सोडून केदारकडे पुण्याला गेले. जाताना टेम्पोत सामान चढवताना मी त्यांना पाहिलं, निरोपही घेतला, पण ते काही माझ्या डोळ्यांसमोर राहिलं नाही. राहिली ती त्या सोमवारची सकाळ. मी ऑफिसची बस सोडून दिली आणि बाजारात गेले. पेडणेकर इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मासळीच्या कट्ट्यांमधली वाट ओली, पायाखाली बर्फाचा चुरा. दोन्ही हातांवर परात धरावी तसा लॅपटॉप धरून ते शेवंताबाईच्या पाटीशेजारी उभे राहिले. ती खाली मान घालून कोलंबी सोलत होती. त्यांनी घसा साफ केला आणि वाचायला लागले. आधी इंग्रजी, मग मराठी. कोयते हळूहळू थांबले. गिऱ्हाइकं पिशव्या घेऊन तिथल्या तिथे उभी राहिली. आधार द्यायला मी पुढे होऊन लॅपटॉपच्या कडेला हात लावला, तर त्यांनी मान हलवून नको म्हटलं. वेल्डिंगचं वाक्य आलं तेव्हा ते थांबले आणि समोरच्या कट्ट्याकडे बघून ते दुसऱ्यांदा वाचलं. तिथली बाई, जी भांडणात बोलली होती ती, हातातला पापलेट खाली ठेवून ऐकत होती. संपलं तेव्हा शेवंताबाईचा हात कोलंबीवर तसाच होता.

मग मागच्या रांगेतून, सुकट विकणाऱ्या बायकांमधून कोणीतरी म्हणालं, "काका, जरा मोट्यानं. मागं ऐकू आलं नाय."

पेडणेकरांनी लॅपटॉप छातीशी थोडा वर घेतला, श्वास घेतला आणि पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचायला सुरुवात केली.